तीस दिवसांत दुखापत

एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर 'तीस दिवसांत कानडी' अशी पातळ पुस्तकं मिळतात. मी एकदा तसलं पुस्तक घेऊन हुबळीला गेलो होतो. 'स्टेशन कुठे आहे?' हे अस्खलित विचारता आलं. समोरच्याने दिलेलं उत्तर मात्र पुस्तकात नव्हतं. तरीही त्या पुस्तकांबद्दल मला आदर आहे, कारण ती मुदत देतात. व्यायामावरची पुस्तकं मुदत देत नाहीत. 'सातत्य ठेवा, फरक जाणवेल' म्हणतात. केव्हा, ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. सहा महिने घाम गाळून दोन किलो उतरतात आणि दिवाळीच्या चार दिवसांत सपरिवार परत येतात.

दुखापतीचं तसं नाही. ती मुदतीत येते, फारसा खर्च न करता येते आणि मुख्य म्हणजे लोकांना दिसते. बारा वर्षं रोज सकाळी चालणाऱ्या माणसाला सोसायटीत कोणी काही विचारत नाही. तेच गुडघ्याला पट्टा बांधून जिन्यात एकदा उभं राहून बघा, चार मजल्यांची चौकशी होते आणि संध्याकाळपर्यंत आपण 'ते रनिंगवाले' झालेले असतो. हे यश ज्यांना झटपट हवं आहे त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका. लेखकाची पात्रता: वय ४७, वजन ८१ किलो, शाळेत खो-खोच्या संघात, त्यानंतर तीस वर्षं खुर्चीत. एक जानेवारी ते रथसप्तमी एवढ्या काळात मी तीन स्वतंत्र दुखापती मिळवल्या. हुशार विद्यार्थी पंधरवड्यातही उरकतील.

साहित्य

पहिलं साहित्य म्हणजे जाहीर प्रतिज्ञा. मनातल्या मनात केलेला संकल्प मागे घेता येतो, त्यामुळे त्यातून दुखापत होत नाही. मी एकतीस डिसेंबरच्या रात्री आठ जणांसमोर म्हणालो, "यंदा साताऱ्याला मी आहे." साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर, त्यात यवतेश्वरचा घाट पळत चढायचा आणि पळत उतरायचा. २०१२ पासून ती होते आहे आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात असते. म्हणजे माझ्या हातात आठ महिने होते. आठ महिने हा काळ दुखापतीला फार प्रतिकूल. एवढ्या अवकाशात माणूस चुकून नीट तयारी करू शकतो. म्हणून दुसऱ्याच दिवशी सुरुवात करून पहिल्याच महिन्यात निम्मं अंतर गाठायचं मी ठरवलं.

दुसरं साहित्य बूट. दुकानातला मुलगा तुम्हाला एका पाटीवर उभं करतो, तळपाय सपाट की कमानदार ते संगणकावर दाखवतो आणि त्यानुसार बूट काढतो. हा सोहळा मनाला फार उभारी देतो. अमेरिकेच्या सैन्यदलांनी रंगरुटांच्या तळपायाची ठेवण पाहून त्याप्रमाणे बूट नेमून दिले होते, तेव्हा दुखापती काही कमी झाल्या नाहीत. पायाला जो बरा वाटेल तो बूट घ्यावा, एवढंच शहाणपण त्यातून हाती लागतं. पण महागड्या बुटांचा खरा उपयोग वेगळाच असतो. चौदा हजार मोजल्यावर माणसाला पहिल्या दिवशी दोन किलोमीटरवर थांबायची लाज वाटते.

तिसरं, घड्याळ. चौथं, व्हॉट्सअॅपवरचा गट, ज्यात निदान तिघे आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि पाच वर्षं जास्त पळालेले असावेत. आणि पाचवं, ज्याशिवाय वरचं सगळं फुकट आहे, ते म्हणजे आपण पूर्वी कसे होतो याची टवटवीत आठवण. माझ्या डोक्यातला पाय अजूनही खो-खोच्या मैदानावर खांबाला वळसा घालतो आहे. खालचा पाय गेली तीस वर्षं टेबलाखाली चप्पल शोधतो आहे. दुखापत या दोघांच्या मधल्या अंतरात राहते. ते अंतर जितकं जास्त, तितकी तिला जागा ऐसपैस.

पहिला दिवस

उठा आणि पाच किलोमीटर पळा.

नवशिक्यांना इथे शंका येते, की एक मिनिट पळावं, दोन मिनिटं चालावं, असं काहीतरी वाचलं होतं. ते वाचलं असेल तर विसरा. तसंच, पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर वेग जास्त आहे असं समजावं, अशीही एक साधी कसोटी सांगतात. ही कसोटी पुण्यात चालायची नाही असं मला वाटत होतं, कारण इथला माणूस कोणत्याही अवस्थेत पूर्ण वाक्य बोलू शकतो. पण तळजाईच्या चढावर मला 'नमस्कार' एका श्वासात संपवता येईना. 'नमस्' झाडाजवळ झाला आणि 'कार' वळणावर.

आता यामागचं शास्त्र थोडं समजून घेऊ, म्हणजे चूक नेमकी जागेवर करता येईल. पळताना एक पाऊल जमिनीवर पडतं तेव्हा त्यावर अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. मी ८१ किलोचा. म्हणजे दर पावलाला दीडशे ते अडीचशे किलो. माझ्यासारख्या आखूड टांगा टाकणाऱ्याची पाच किलोमीटरला पावलं होतात पाच हजारांहून जास्त. हा हिशेब पायाला आदल्या दिवशी कोणी कळवलेला नसतो.

पाय हा सबंध एक ऐवज आहे असं आपण समजतो, तो तसा नाही. दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो. स्नायू त्याच्या मागोमाग सुधारतात. पण स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाड यांना महिनेच्या महिने लागतात. कंडरांना रक्त बेताचं मिळतं, आणि दोघांचंही काम सावकाश चालतं. घर बांधताना भिंतीला रंग चार दिवसांत लागतो, पण स्लॅबला तीन आठवडे पाणी मारत बसावं लागतं, तसलाच प्रकार. दम हा रंग आहे. रंग लागलेला पाहून माणूस खुशीत येतो, खालचं सेंट्रिंग काढतो आणि वर पाहुण्यांना जेवायला बोलावतो. साधारण तिसऱ्या आठवड्यात 'आता जमायला लागलं बुवा' असं वाटू लागतं. ते वाटलं की सेंट्रिंगला हात घालावा. दुखापतीचा तोच मुहूर्त.

हाडाची कथा तर आणखी मजेची. नवा भार पडला की शरीर हाडाची डागडुजी काढतं, पण आधी जुना भाग कुरतडून काढतं आणि मग नवा भरतं. खोदाई आज, भरणी पुढच्या महिन्यात. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षाही कच्चं असतं. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने लिहून ठेवलं, की लांब कूच करून आलेल्या शिपायांचे पाय सुजतात, दुखतात आणि कारण काही दिसत नाही. दिसणार कसं? एक्स-रेचा शोध १८९५ चा. तो लागल्यावर दोनच वर्षांत कळलं, की त्या शिपायांच्या पायाच्या हाडांना बारीक चिरा गेलेल्या होत्या. त्या शिपायांना निदान हुकूम होता. मला कोणाचा हुकूम होता, हे घरून अनेकदा विचारलं गेलं आहे.

पहिल्या दिवशी मी पाच किलोमीटर पूर्ण केलं. घड्याळाने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कमोडवर बसताना नळाला धरावं लागलं.

दुसरा दिवस ते बाविसावा

इथे विश्रांतीचा मोह होईल. तो टाळावा. अंग आंबलेलं असताना दोन दिवस नुसतं चालावं हे तालमीतल्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणूनच तालमीतल्या पोरांची गोष्ट पुढे स्वतंत्र सांगतो. आपण चौथ्या दिवशी सहा किलोमीटर, नवव्या दिवशी दहा, असं जावं. मधल्या दिवसांत, पाय दुखतात म्हणून, जिममध्ये जाऊन खांदे दुखवून घ्यावेत. माझा जिमचा अनुभव तीन दिवसांचाच आहे, त्यामुळे अधिकाराने एवढंच सांगतो: आपल्या आधी त्या यंत्रावर बसलेल्या मुलाने लावलेली वजनं कमी करू नयेत. ती कमी करताना आवाज होतो आणि सगळे बघतात.

दर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये, असा एक नियम धावणाऱ्यांच्या तोंडी असतो. विरुद्ध पक्षाला न्याय द्यायचा तर हेही सांगितलं पाहिजे, की हा नियम वाटतो तितका सिद्ध नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला नवशिक्यांच्या एका गटाला आठ आठवड्यांत आणि दुसऱ्याला तेरा आठवड्यांत, सावकाश, अशी तयारी करायला लावली. २००८ साली निकाल आला: दोन्हीकडे पाचातला एक जायबंदी. हे वाचून मी फार सुखावलो होतो. माझ्या बायकोने मात्र विचारलं, "म्हणजे पाचातले चार धडधाकट राहिले ना?" आकडे असे कोणाच्याही हाती पडू नयेत.

पुढे २०२५ मध्ये पाच हजारांहून जास्त धावणाऱ्यांच्या घड्याळांतल्या नोंदी तपासल्या गेल्या आणि मुद्दा थोडा उलगडला. आठवड्याच्या बेरजेपेक्षा घात करते ती एका दिवसाची उडी. गेल्या तीस दिवसांत सर्वांत लांब जेवढं पळालो, त्याच्यापेक्षा एखाद्या दिवशी दहा टक्क्यांहून अधिक जास्त पळालो, की धोका वाढतो. तीस दिवस! माझ्या मार्गदर्शिकेच्या नावाला एवढा मोठा शास्त्रीय आधार मिळेल असं वाटलं नव्हतं.

पळण्याआधी अंग ताणण्याबद्दल. उभं राहून पाय मागे धरून, बगळ्यासारखं, तीस सेकंद मोजायची पद्धत आहे. फोटो चांगला येतो. ऑस्ट्रेलियात दीड हजारांवर रंगरुटांवर हे करून पाहिलं. निम्म्यांनी ताणलं, निम्म्यांनी नाही, आणि दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. उपयोग होतो तो अंग गरम करण्याचा: दहा मिनिटं झपझप चालणं, पाय झुलवणं, हळू धावणं, थोड्या उड्या. फुटबॉलवाल्यांनी तर वीस मिनिटांचा असा ठरावीक क्रमच बसवला आहे आणि तो नियमाने करणाऱ्या संघांत दुखापती कमी होतात. तेव्हा आपण बगळाच व्हावं.

अकराव्या दिवशी मला पहिलं यश आलं. उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला, खालच्या एक-तृतीयांश भागात, दाबलं की कळ. इथे विद्यार्थ्याने दोन प्रकारची दुखणी ओळखायला शिकलं पाहिजे. एक दुखणं दोन्ही पायांत, पसरलेलं, 'कुठे दुखतं?' म्हटल्यावर पूर्ण तळहात फिरवून 'इथे सगळीकडे' असं सांगावं लागतं, ते. ते चोवीस तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं आणि आपोआप निघून जातं. त्यात काही राम नाही. दुसरं एका बाजूचं, एका बोटाने दाखवता येणारं आणि दर खेपेला आदल्या खेपेपेक्षा लवकर सुरू होणारं. बोट ठेवता आलं की समजावं, अभ्यासाला फळ येतं आहे. अशा वेळी थांबलं तर आठ-दहा दिवसांत प्रकरण मिटण्याची भीती असते. मी एक गोळी घेतली आणि पळालो.

क्षणभर थट्टा बाजूला ठेवतो. छातीवर दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, हे आलं तर घड्याळ बंद करायलाही थांबू नये, दवाखाना गाठावा. एकाच दिवशी पाचशे बैठका काढल्यावर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण येतो आहे असं समजावं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. हाडातली कळ रात्री झोपेतही उठवत असेल, तर तिथे मलमांचं काम नाही. हे तीन सोडून बाकी सगळं विनोदाला मोकळं आहे.

तेविसावा दिवस: उतार

चढाला लोक उगाच भितात. चढ प्रामाणिक असतो. झेपत नसेल तर तो जागच्या जागी थांबवतो. खरी किमया उताराची.

तेविसाव्या दिवशी रविवार होता. गटातले सगळे आतकरवाडीतून सिंहगड चढणार होते. सिंहगड किती मिनिटांत चढता, हा पुण्यात जात, गोत्र आणि कर्वे रोडवरची पार्किंगची जागा यांच्याइतकाच नाजूक प्रश्न असतो. मी सव्वा तासात वर पोचलो, नडगी धरून. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी, वर मडक्यातलं दही. आणि मग गटातल्या एका सत्तावीस वर्षांच्या मुलाने, देव त्याचं भलं करो, विचारलं, "काका, उतरताना पळायचं का?"

'काका' हा शब्द नसता तर मी नाही म्हणालो असतो.

उतारावर मांडीचा स्नायू आखडत नाही. भार पेलत पेलत लांब होतो. भरलेली बादली विहिरीत सोडताना दोर हातातून सरकू द्यायचा, पण सोडून द्यायचा नाही, तशी त्याची अवस्था असते. स्नायूंच्या तंतूंना सर्वांत जास्त इजा या पेलत लांब होण्यात होते. गंमत अशी की त्या वेळी दमही लागत नाही, त्यामुळे आपण उत्तम पळतो आहोत असा समज होतो. सुट्या खडीवर पाय निसटू नये म्हणून टाच रोवत, पोटात पाव किलो पिठलं हिंदकळवत मी उतरलो. खाली आलो तेव्हा मांड्या थरथरत होत्या आणि टाचेमागच्या जाड शिरेत कोणीतरी सुतळी पिळतं आहे असं वाटत होतं. सोमवारी सकाळी जिना उलटा, म्हणजे पाठमोरा, उतरलो. सुलट्याने उतरवेना.

दुखापत क्रमांक दोन. इथून पुढे गाडी आपोआप चालते, कारण नव्या दुखापतीचं सर्वांत भरवशाचं लक्षण म्हणजे जुनी दुखापत. नडगी वाचवायला पाऊल वेगळं पडतं, त्याचा हप्ता टाच भरते.

रथसप्तमी

टाचेला विश्रांती हवी म्हणून मी अठ्ठाविसाव्या दिवशी १०८ सूर्यनमस्कार घातले. हे वाक्य लिहिताना मला त्यातली विसंगती दिसते आहे. त्या दिवशी दिसली नव्हती. रथसप्तमीला सोसायटीच्या गच्चीवर सामुदायिक कार्यक्रम होता आणि मी गेली अकरा वर्षं एकही नमस्कार घातलेला नव्हता. एका नमस्कारात दोनदा पुढे वाकावं लागतं. १०८ नमस्कारांत २१६ वेळा. एकशे तीनपर्यंत सूर्य माझ्यावर प्रसन्न होता. एकशे चारला मी खाली गेलो आणि वर आलो नाही. उसण भरली.

उसणीवर उपाय सांगणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी पायाळू माणसाची लाथ सुचवली. सोसायटीत पायाळू कोण याची चौकशी सुरू झाली, तेव्हा अध्यक्षांचं नाव पुढे आलं. पार्किंगच्या जुन्या वादामुळे ते आनंदाने तयार झाले असते, म्हणून मीच नको म्हटलं. घरात आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप उगाळला जात होता. मुलगा बर्फ घेऊन उभा होता. गरम की थंड, यावर दोन पिढ्यांत तात्त्विक चर्चा झाली. मी पालथा पडून ती ऐकत होतो.

बर्फाबद्दल सांगायचं तर १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टराने विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं, असा चार कलमी मंत्र दिला आणि जगभरच्या मैदानांवर तो पाठ झाला. पुढे त्यानेच आपलं मत बदललं: बर्फाने वेदना कमी होते, पण बरं होण्याचं कामही त्याने रेंगाळू शकतं. आता भर आहे तो थोडे दिवस सांभाळून, मग झेपेल तेवढी हालचाल लवकर सुरू करण्यावर. आंबेहळदीने आपलं मत कधी बदललेलं नाही, हा तिचा मोठेपणा म्हणायचा की अडचण, ते मला ठरवता येत नाही. वास चांगला येतो, एवढं खरं.

धोका: या लोकांपासून दूर राहावं

ज्यांना दुखापत हवी आहे त्यांनी पहिला, फिजिओथेरपिस्ट टाळावा. माझ्या टाचेसाठी मी गेलो तेव्हा वाटलं, यंत्रं लावतील, निळा प्रकाश पडेल. त्या बाईंनी मला जिन्याच्या पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं केलं आणि टाच हळूहळू खाली सोडायला लावली. पंधरा वेळा. मग परत. मग तिसऱ्यांदा. मग गुडघा वाकवून तेवढंच. सकाळी आणि संध्याकाळी, बारा आठवडे. म्हणजे दिवसाला १८० वेळा पायरीवर उभं राहून खाली जायचं. येणारे-जाणारे विचारतात, "कोणाची वाट बघताय?"

या व्यायामाची जन्मकथा आमच्या संप्रदायासाठी फार दुःखद आहे. स्वीडनमधल्या हाकान अल्फ्रेडसन या अस्थिशल्यविशारदाची टाचेमागची शीर अशीच बिघडली होती. त्याच्या वरिष्ठाने शस्त्रक्रिया करायला नकार दिला. शीर तुटली तर करावीच लागेल, असा हिशेब करून हा गृहस्थ ती तोडायच्याच इराद्याने दुखेल तितकं दुखवत, टाच खाली सोडण्याचा व्यायाम रोज करू लागला. शीर तुटली नाही, बरी झाली. १९९८ मध्ये त्याने पंधरा धावणाऱ्यांवर बारा आठवडे तोच प्रयोग केला आणि पंधराही जण पुन्हा पळायला लागले. दुखापतीसाठी इतक्या निष्ठेने झटलेला आणि इतका सपशेल आपटलेला माणूस दुसरा नसेल. त्याच्या हातून चूक एकच झाली: तो रोज, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या संख्येने करत राहिला.

दुसरे टाळण्यासारखे लोक म्हणजे तालमीत वाढलेले. माझे मामा कोल्हापूरचे. त्यांना फोनवर सगळं सांगितलं, तर ते आधी बराच वेळ हसले. मग म्हणाले, "अरे भाच्या, वस्तादानं मला पहिल्या दिवशी काय दिलं माहीत आहे? खोरं." नवा पोरगा तालमीत आला की त्याला लगेच कुस्तीला कोण उभा करणार? आधी हौदा उकरायचा. लाल माती खणायची, खालची वर करायची, ढेकळं फोडायची, तीत तेल, ताक, हळद कालवायची. रोज. पोराला वाटतं, वस्ताद फुकटात मजूर राबवतो आहे. तेवढ्यात त्याची कंबर, खांदे, मनगटं, पकड, सगळं हळूहळू तयार होत असतं, आणि ज्यावर पडायचं ती मातीही मऊ होत असते. मग जोर-बैठका, त्याही मोजून. उद्या दहा जास्त काढतो म्हटलं तर वस्ताद पाठीत एक ठेवून देणार. "डाव फार पुढं," मामा म्हणाले. "आधी मातीनं तुला ओळखलं पाहिजे."

"किती दिवस उकरली माती?"

"दिवस कोण मोजतंय?"

हेच ते. जिथे कोणी दिवस मोजत नाही, तिथे तीस दिवसांच्या मार्गदर्शिकेला गिऱ्हाईक मिळत नाही. शिवाय तालमीत घड्याळ टाळ्या वाजवत नाही; वस्ताद 'हं' म्हणतो, तेही सणावाराला. मामांचं वय ७४. परवा ते माझ्यासमोर उकिडवे बसून अर्धा तास शेंगा सोलत होते आणि हात न टेकता उठले. असल्या नातेवाइकांना घरी बोलावताना विचार करावा.

उपयुक्त वाक्यं

कानडीच्या पुस्तकात शेवटी 'बाजारात', 'स्टेशनवर', 'दवाखान्यात' अशी तयार वाक्यं असतात. तशी काही देतो. घोकून ठेवावीत.

जिन्यात: "काही नाही हो, जरा लिगामेंट." (लिगामेंट हा शब्द हवाच. 'चमक भरली' म्हटलं तर चौकशी एका मजल्यात संपते.)

ऑफिसात: "डॉक्टर म्हणाले, रनर्समध्ये हे कॉमन आहे." (डॉक्टर तसं म्हणालेले असायची गरज नाही.)

व्हॉट्सअॅपच्या गटावर: "लवकरच परत येतोय." सोबत बुटांचा फोटो. पायाचा टाकू नये, आंबेहळदीने पिवळा दिसतो.

फिजिओकडे: "हो, रोज करतो. दोन्ही वेळा."

सत्तावीस वर्षांच्या मुलाला: "पुढच्या रविवारी बघू." हे वाक्य वर्षभर पुरतं.

मामांना: फोन उचलू नये.

घरी, पहाटे साडेपाचला, दिवा न लावता, हलक्या आवाजात: "अगं, माझे बूट कुठे ठेवलेस?" याचं जे उत्तर मिळेल ते पुस्तकात नाही.